डाव्या हाताचा सांधा

बडनेरा रोडवरच्या आपल्या वर्कशॉपात सकाळी दहाच्या सुमारास देवराव खंडारे जीपच्या पुढच्या अॅक्सलवरचा वाळलेला चिखल पत्र्याच्या तुकड्यानं खरवडत होता. डाव्या चाकाच्या बाजूला, स्प्रिंग बसते त्या जागेजवळ, त्याचा अंगठा एका उंचवट्यावरून गेला आणि थांबला. वेल्डिंगचा सांधा होता. जुना, ग्रीस आणि मातीखाली बुजलेला. त्यानं अंगठा पुन्हा फिरवला. सांध्यावरच्या लाटा उलट्या दिशेला कललेल्या होत्या. उजव्या हातानं काम करणाऱ्याच्या लाटा अशा कलत नाहीत. अमरावती आणि अकोला मिळून डाव्या हातानं वेल्डिंग करणारा माणूस त्याला एकच ठाऊक होता, आणि तो म्हणजे तो स्वतः. सांधा संपवताना हुकासारखा एक बारीक आकडा काढून मागं वळायचं, ही त्याची सवय. अंगठा पुढं सरकला. आकडा होता. त्यानं हात काढून घेतला आणि पँटला पुसला. बाहेरून एक बैलगाडी खडखडत गेली. रस्त्यापलीकडच्या हॉटेलात कुणीतरी दोन चहा सांगत होतं. सगळं जिथल्या तिथं होतं, फक्त त्याच्या कानात पाणी शिरल्यासारखं झालं होतं.

‘‘काय झालं?’’ नत्थुजीनं विचारलं. नत्थुजी साठीचा, घन मारणारा, पूर्वी सराफ्याच्या मागं ऐरण मांडून बसणारा लोहार. ‘‘काही नाई,’’ देवराव म्हणाला. हा शब्द तोंडातून निघाल्यावर त्याला उगाचच घाम फुटला.

मागं, ठोकळ्यांवर चढवून ठेवलेली, केशरबाई देशमुखांची गाडी उभी होती. अडतीस सालची अमेरिकन, गडद तांबड्या रंगाची, कापडी टप मागं पाडायची. जुन्या चालीची, म्हणजे इंजिनचा जोर फक्त मागच्या चाकांना. डांबरी सडकेवर हरणासारखी पळायची आणि अंजनगाव सुर्जीच्या पुढं, त्यांच्या गावच्या वाटेवरच्या काळ्या जमिनीत पाऊस पडला की जागच्या जागी मागची चाकं फिरवत रुतत जायची. केशरबाईंचे यजमान वामनराव दोन वर्षांपूर्वी आषाढात छातीत कळ येऊन गेले. सडक तीन मैलांवर होती. बैलगाडीला ते तीन मैल तोडायला चार तास लागले. पुढल्या महिन्यात बाईंनी अंजनगावच्या कापूसबाजाराच्या मोकळ्या मैदानात गाडी शिकायला सुरुवात केली, आणि लोक बोलायचे थांबेपर्यंत शिकत राहिल्या. यंदा फाल्गुनात त्या स्वतः गाडी चालवत इथं आल्या आणि म्हणाल्या, ‘‘देवराव, हिची चारही चाकं ओढली पायजेत.’’ तो म्हणाला होता, ‘‘बाई, त्यापरीस जीप घ्या.’’ त्या गाडीवर हात ठेवून म्हणाल्या, ‘‘जीप कोनाचीबी रायते. हे त्यायची होय. ज्या चिखलानं त्यायले अडवलं, त्याच्यातून हेच गेली पायजे.’’

असलं काम त्यानं कधी केलं नव्हतं. पण लढाईत, ब्रह्मदेशाच्या सरहद्दीवर, फौजेच्या वर्कशॉपात तीन वर्षं जीपच्या पोटाखाली पडून त्यानं काढली होती, आणि ते पोट त्याला तोंडपाठ होतं. मूळ इंजिन तसंच ठेवायचं. गिअरबॉक्सच्या मागं जीपची ती लहान पेटी बसवायची, जी इंजिनचा जोर पुढं आणि मागं वाटून देते. दोन्ही अॅक्सल एकाच जीपचे घ्यायचे, म्हणजे पुढची आणि मागची चाकं एका मापानं फिरतात. नाहीतर एक ओढतं आणि दुसरं अडतं. पक्कं छत नसलेल्या गाडीचा सांगाडा पिळतो, म्हणून खालून लोखंडी पट्ट्यांची फुली द्यायची. चार महिने तो हे सगळं कागदावर आणि झोपेत जुळवत होता. अकोल्याच्या भंगारवाल्या ओमप्रकाशच्या आवारात सरकारी लिलावातल्या तीन जीपचे सांगाडे पडले होते. त्यातल्या एकीची अॅक्सलची जोडी त्यानं गिअरचे दात मोजून, चाक फिरवून, खात्री करून घेतली. चिखल मात्र खरवडून पाहिला नव्हता. तिथं उन्हात उभं राहून चिखल कोण खरवडतो?

तीनातली नेमकी ती. जानरावची.

त्यानं रॉकेलमध्ये फडकं बुडवलं आणि सांधा पुसायला घेतला. हात हळू चालत होता. जणू हळू पुसलं तर खाली निघेल ते बदलेल. जानराव त्याचा सख्खा भाऊ, नऊ वर्षांनी लहान. देवराव फौजेतून आला तेव्हा त्याला गाडी चालवायला यानंच शिकवलं, आणि त्या जोरावर जानराव एका सरकारी खात्यात ड्रायव्हर लागला. छप्पन साली दोघं बायकामुलांसह नागपूरला गेले. दीक्षा घेऊन परतताना, बडनेऱ्याच्या फलाटावर, जानराव म्हणाला होता, ‘‘दादा, आजपासून थेंबबी नाई.’’ आणि तो प्यायचा, हे खरं होतं. तोवर प्यायचा. पुढच्याच वर्षी दसऱ्याच्या आसपास एके दुपारी तो साहेबाची जीप घेऊन इथं आला. पुढच्या अॅक्सलच्या नळीला बारीक चीर गेली होती. खात्याच्या वर्कशॉपात दिली तर महिना मोडणार, साहेब पाच वाजता निघणार. ‘‘एवढं धरून दे.’’ नीट करायचं तर अॅक्सल खाली काढायचा, चिरेला खाच मारायची, लोखंड तापवायचं, मग सगळीकडून भरून वर पट्टा चढवायचा. दोन दिवसांचं काम. देवराव जीपखाली पाठीवर पडला आणि त्यानं थंड लोखंडावर वरवर एक सांधा ओढला. ठिणग्या गळ्यात पडत होत्या. बाहेर निघून तो म्हणाला, ‘‘अकोल्याले पोचला का खोलून घेजो.’’ जानराव हसला. ‘‘तुयं वेल्डिंग हाय. काय होते!’’ आठव्या दिवशी बार्शीटाकळीच्या अलीकडे, भर सकाळी, मोरीच्या वळणावर जीप उलटली. साहेब वाचला. ड्रायव्हरच्या तोंडाला दारूचा वास येत होता, असं त्यानं लिहून दिलं.

चौकशीच्या दिवशी देवराव अकोल्याला त्या कचेरीच्या व्हरांड्यात बसला होता. कारकुनानं विचारलं, ‘‘मयताचे कोण?’’ ‘‘भाऊ.’’ ‘‘काही सांगायचं आहे?’’ पंखा फिरत होता. कारकुनाच्या टाकाच्या टोकाला शाईचा थेंब जमला होता आणि तो आता पडेल, आता पडेल असं वाटत होतं. सरकारी गाडीला खात्याबाहेरच्या माणसानं हात लावणं हा गुन्हा. वर्कशॉप उघडून सात महिने झालेले. त्या रस्त्यावर त्याच्या समाजातल्या माणसानं टाकलेलं ते पहिलं दुकान. पाटी लावली तेव्हा काही लोक नुसती पाटी वाचायला यायचे आणि हसून जायचे. आणि सांधा सुटला असेल, हे तरी कुठं माहीत होतं? तो म्हणाला, ‘‘नाई.’’ कारकुनानं थेंब टिपून घेतला.

सांधा आता स्वच्छ निघाला होता. त्याच्या काठाला लागून, केसाएवढी, एक काळी रेघ होती.

‘‘चीर हाय वाट्टे,’’ नत्थुजी वाकून म्हणाला. ‘‘मग काय झालं! खाच मारून भरून टाका. आज बसवून होते. चार वाजता बाई येतात.’’

खरं होतं. खाच मारली असती, तर चीर आणि सांधा दोन्ही गेले असते. नव्या धातूखाली जुनं काही उरलं नसतं. अॅक्सल पक्का झाला असता, गाडी उभी राहिली असती, आणि त्यानं चार वर्षं ज्या अंधारात काढली त्यातच पुढची चाळीस काढता आली असती. त्या अंधाराची त्याला सवय झाली होती. कधी त्याला वाटायचं, जानराव प्यालाच असेल. एखाद्यानं सोडली म्हणून सुटते थोडीच. असं वाटलं की त्या दिवशी तो बरा जेवायचा. मग मध्येच, एखाद्या ट्रकखाली पडून नट आवळताना, जेवणं आठवायचं आणि स्वतःची किळस यायची. मेलेल्या भावाच्या तोंडाला आपण दारूचा वास लावतो, जेवण जावं म्हणून. आता ती रेघ समोर होती, पण रेघ काहीच सांगत नव्हती. ती उलटण्याआधीची असेल, उलटतानाची असेल. कळायचं असेल तर एकच मार्ग होता. फौजेत त्यांचा एक म्हातारा हवालदार मोडलेले भाग टेबलावर ओळीनं मांडून शिकवायचा. लोखंड एकदम मोडलं तर आतून दाणेदार निघतं, साखरेसारखं. हळूहळू चिरत गेलं असेल तर तेवढा भाग घासून घासून गुळगुळीत झालेला असतो. पण ते बघायला चीर उघडावी लागते, म्हणजे अॅक्सल मोडावा लागतो. दुसऱ्याचा अॅक्सल. केशरबाईंचा.

त्यानं अॅक्सल दोन ठोकळ्यांवर आडवा टाकला आणि घन उचलला.

‘‘अरे, हे काहून करून राहिले?’’ नत्थुजीनं त्याचा दंड धरला. ‘‘साजरी वस्तू हाय!’’

‘‘सरका, नत्थुजी.’’

पहिला घाव हातातच परत आला, कोपरापर्यंत. दुसऱ्या घावाला लोखंड मऊ वाजलं. तिसऱ्या घावाला नळी उघडली. उरलेला धागा त्यानं पहारीनं पिळून तोडला, तुकडा उचलला आणि दाराशी उजेडात नेला. तीन रंग होते. एका बाजूला पांढरी चकाकती धार, आत्ताची, त्याच्या घनाची. मध्ये गंजलेला दाणेदार पट्टा, जीप उलटली त्या वेळचा. आणि उरलेला, अर्ध्याहून जास्त भाग काळा, तेलानं माखलेला, गुळगुळीत, नदीतल्या गोट्यासारखा. ती चीर सांध्याच्या काठाखालून निघाली होती आणि आठ दिवस, दर खड्ड्याला थोडी, आत चालत गेली होती. वर तो सांधा बसला होता, खपलीसारखा, आत न मुरलेला. आकडा मात्र सुंदर होता.

तो दारातच बसला. रडू येईल असं वाटलं होतं, पण आली ती भूक. भयंकर भूक. पहाटेपासून काही खाल्लेलं नाही हे त्याला तेव्हा कळलं.

चार वाजता केशरबाई आल्या. पायरीवर उभ्या राहून त्यांनी तुकड्यांकडे पाहिलं. ‘‘हा तं मोडला.’’

‘‘म्या मोडला, बाई.’’

‘‘काहून?’’

त्यानं सांगितलं. नत्थुजीसमोर, उभ्यानं, कुठंही न थांबता. कारकून, शाईचा थेंब, ‘नाई’, मागं राहिलेली भावाची बायको, सगळं. बोलताना तो त्यांच्या चपलांकडे पाहत होता. सांगून झाल्यावर थोडं हलकं वाटू लागलं, तोच बाई म्हणाल्या, ‘‘हे मले काहून सांगता? जिले सांगाचं हाय तिले सांगा.’’ आणि जाता जाता, रागावल्यासारख्या, ‘‘अॅक्सल दुसरा पाहा. पाऊस काही तुमच्यासाठी थांबत नाई.’’

दुसऱ्या दिवशी बडनेऱ्याहून पॅसेंजरनं तो अकोल्याला निघाला. गोणपाटात गुंडाळलेला तुकडा मांडीवर होता. समोरच्या बाकावरचा शेतकरी दोनदा म्हणाला, ‘‘खाली ठेवा ना, जड असन.’’ देवरावनं मान हलवली, पण ठेवला नाही. गाडी मूर्तिजापूरला रेंगाळली. वखरलेली काळी रानं दोन्ही बाजूंनी उघडी पडली होती. त्याच्या मनात एकच गोष्ट फिरत होती, ती म्हणजे मनकर्णा दार उघडेल तेव्हा पहिला शब्द काय बोलायचा. जानरावची बायको मनकर्णा नवरा गेल्यावर बार्शीटाकळीला माहेरी राहत होती आणि शाळेत पाणी भरायची. थोरला दीर म्हणून ती त्याच्यासमोर पदर कपाळावर ओढून, भिंतीकडे तोंड करून बोलत आली होती. बारा वर्षांत त्यानं तिचा चेहरा नीट पाहिला नव्हता. हे एका अर्थी बरंच होतं, असं गाडीत त्याला वाटलं, आणि तसं वाटल्याबद्दल त्यानं स्वतःला शिवी दिली. अकोल्याला मोटारस्टँडवर बार्शीटाकळीची मोटार उभी होती. ती सुटेपर्यंत तो खाली उतरला, पुन्हा चढला, पुन्हा उतरला. मोरीचं वळण आलं तेव्हा त्यानं डोळे मिटले नाहीत. मोरी लहानशीच होती. कठड्याचा नवा भाग जुन्यापेक्षा पांढरा होता.

मनकर्णा शाळेतून नुकतीच आलेली होती. तिनं पदर ओढला, पाण्याचा तांब्या ठेवला आणि भिंतीशी उभी राहिली. त्यानं पाण्याला हात लावला नाही. गोणपाट सोडलं आणि तुकडा जमिनीवर ठेवला. ‘‘जानरावच्या जीपचा हाय,’’ तो म्हणाला. ‘‘हे गुळगुळीत दिसते ना, हे आधीपासून तुटून राह्यलं होतं. वेल्डिंग मायं होतं. थो पेला नव्हता, मनकर्णा. गाडी मायामुळं उलटली. मले माहीत नव्हतं. पन शंका होती. इचारलं तवा म्या सांगतलं नाई.’’

शेजारी कुणीतरी दगडी जात्यावर डाळ भरडत होतं. मग ती खाली बसली, तुकडा जवळ ओढला आणि त्या काळ्या भागावरून बोट फिरवलं. पदर खाली सरकला, तो तिनं सावरला नाही. ती सरळ त्याच्या तोंडाकडे पाहत होती. तिचे डोळे पिंगट होते.

‘‘नव्हता पेला?’’

‘‘नाई.’’

‘‘चार वर्सं,’’ ती म्हणाली. ‘‘चार वर्सं म्या त्याले शिव्या देल्या, भाऊजी. रोज. पाण्याच्या गुंडीसंगं एकेक शिवी. माया समोर हात जोडून बोलला होता थो, थेंब नाई घेनार. म्या म्हनो, खोटारडा मेला. लोकायनं म्हटलं, तं म्याबी म्हटलं.’’ तिचा आवाज चढला नव्हता. तो खालीच चालला होता, विहिरीत उतरत जावा तसा. ‘‘तुमाले शंका होती. मंग एक सबुद बोलाचा होता. आफिसात नाई तं नाई. मले बोलाचा होता.’’

त्याला म्हणायचं होतं, दुकान, गुन्हा, पाटी. तिनं मारलं असतं तर बरं झालं असतं. ती उठली, चपला घातल्या आणि तुकडा स्वतःच उचलून कडेवर घेतला. ‘‘चाला.’’

वस्तीच्या मध्यभागी, लिंबाखाली, सांजच्या वंदनेला माणसं जमत होती. मोतीराम गवई, वस्तीतला जाणता माणूस, सतरंजी झटकत होता. यानंच त्या वेळी म्हटलं होतं की दीक्षा घेऊन पिऊन मेला, त्याचं नाव सभेत घेऊ नये. मनकर्णानं तुकडा सतरंजीवर ठेवला आणि बाजूला झाली. देवरावला वाटलं होतं, आपण एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, तिसऱ्यांदा सोपं जाईल. सोपं गेलं नाही. प्रत्येक वाक्याला नवा दाखला द्यावा लागत होता. तीन रंग बोट ठेवून दाखवावे लागले. एक म्हातारी मोठ्यानं विचारत राहिली, ‘‘काय म्हन्ते? कोन पेला नव्हता?’’ मोतीरामनं तुकडा हातात घेतला, उलटा केला आणि म्हणाला, ‘‘मंग चार वर्सं काय करून राह्यला होता तू?’’

‘‘भेऊन राह्यलो होतो.’’

मोतीरामनं तुकडा खाली ठेवला आणि वंदना सुरू केली. ती संपल्यावर, गेलेल्या माणसांची नावं घेतात त्या ओळीत, तो घसा खाकरून म्हणाला, ‘‘जानराव खंडारे.’’ मनकर्णाच्या तोंडून एक आवाज निघाला. तो ऐकून देवरावला पहिल्यांदा कळलं की भाऊ मेला आहे.

पुढं त्यानं अकोल्याच्या त्या कचेरीत लेखी जबाब दिला. तीन महिन्यांनी दोन ओळींचं उत्तर आलं, की प्रकरण निकालात निघालेलं आहे. अमरावतीत गोष्ट पसरली. दोन ट्रकवाल्यांनी गाड्या दुसरीकडे नेल्या, आणि त्यात त्याला गैर काही दिसलं नाही. मनकर्णा त्याच्याशी बोलायची बंद झाली ती झाली. ओमप्रकाशकडून त्यानं दुसऱ्या जीपचे अॅक्सल, पुढचा आणि मागचा, आणले. स्प्रिंगच्या नव्या बैठका बसवायच्या दिवशी त्यानं दोनदा मशीन बंद केलं. मग लोखंड हाताला सोसेना इतकं तापवलं आणि सावकाश, सगळीकडून, दिवसभर तेवढंच काम केलं. शेवटचा आकडा काढला नाही.

श्रावणात, सहा दिवसांच्या झडीनंतर, केशरबाईंनी गाडी अंजनगावच्या पुढं सडकेवरून खाली घातली. गाडी आता वीतभर उंच झाली होती आणि टप पाडलेला होता. देवराव शेजारी बसला होता. आधी मागची चाकं गुरगुरली, गाडीची शेपटी वाकडी झाली आणि तीन जागी चिखल आभाळात उडाला. ‘‘पुढची जोडा,’’ तो म्हणाला. बाईंनी दांडा ओढला. पुढून काहीतरी पकडल्यासारखं झालं, आणि गाडी चालू लागली; हळू, म्हशीसारखी, न थांबता. तो इंजिन ऐकत नव्हता, बाईंना ऐकत नव्हता. डाव्या पायाखालचा एकेक धक्का मोजत होता. तिसऱ्या मैलाला त्याचा शर्ट भिजून पाठीला चिकटला होता. गावाच्या पहिल्या घराशी बाईंनी गाडी थांबवली. मग दार उघडून, काष्ट्याचं लुगडं आणखी वर खोचून, त्या चिखलात उतरल्या आणि पुढच्या डाव्या चाकाशी गुडघे टेकून बसल्या.

‘‘दाखवा मले,’’ त्या म्हणाल्या. ‘‘चीर गेली तं आधी कुठी दिसन?’’

तोही उतरला आणि त्यांच्या शेजारी बसला. अॅक्सलवरचा चिखल त्यानं हातानं पुसला. ‘‘इथी,’’ तो म्हणाला, आणि त्यांनी बोट पुढं केलं.